मावशीचं इंजेक्शन

"मावशी! मावशीचं कोण आहे?"

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने कागदावर बघून हाक मारली, तसे बाकावरचे सगळे इकडेतिकडे पाहायला लागले. एकाच्या मांडीवर कुत्रा होता, एका बाईजवळ पोपटाचा पिंजरा. कोणाची मावशी म्हणावी अशी बाई मात्र कुठे दिसेना. चाव्या-कुलपांचं दुकान चालवणारी चावीवाली तेवढी, झाकणाची टोपली छातीशी धरून, उठली आणि म्हणाली, "मी आहे. मावशी आत आहे." टोपलीतून राखाडी शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. पोपटवाली तोंडावर हात धरून हसली.

हे नाव चावीवालीने ठेवलेलं नव्हतं, तिच्या खऱ्या मावशीने ठेवलं होतं. काही वर्षांपूर्वी हे मांजर कुठूनसं दुकानात शिरलं, चाव्यांच्या डब्यात बसलं आणि उठायचं नाव घेईना. तेव्हा मावशी म्हणाली, "राहू दे गं. मी तुझी मावशी, ही वाघाची मावशी. दोघी मिळून तुला वळण लावू." तेव्हापासून घरात दोन मावश्या नांदायला लागल्या, थोरली आणि धाकटी. थोरलीला हाक मारली की धाकटी यायची, धाकटीला रागावलं की थोरली विचारायची, "मी काय केलं आता?"

माय मरो पण मावशी जगो, असं लोक सहज म्हणून जातात. चावीवालीच्या बाबतीत ते अक्षरशः खरं झालं होतं. आई गेली तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. मावशीने तिला घरी आणलं, शाळेत घातलं, शाळेत काही उजेड पडेना म्हणून आपल्या चावीच्या दुकानात बसवलं आणि कुलपाच्या पोटात काय चाललंय ते बोटांनी ऐकायला शिकवलं. लग्नही मावशीनेच लावलं, दुकानाची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरशी. "पाटी रंगवायला आला आणि नावच बदलून गेला," असं ती पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली. मग साखरेने तिचे डोळे नेले, पाय नेले आणि गेल्या थंडीत तिलाच नेलं. थोरली गेली, धाकटी उरली.

आणि थोडे दिवस गेले नाहीत तोवर धाकटी पाणी प्यायला लागली.

वाटी संपवून ती बादलीपाशी जाऊन बसायची. शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये रोज तळं साचायचं. सारखं खायला मागायची आणि अंगावर मात्र मूठभर मांस राहिना, पाठीवरून हात फिरवला की मणके बोटांना लागायचे. चावीवालीने हे सगळं एकदा पाहिलेलं होतं. म्हणून डॉक्टरबाईंनी मांजराच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्रावरचा आकडा बघून मान हलवली, तेव्हा पुढे काय ऐकायचंय ते तिला आधीच कळलं होतं.

"साखर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इंजेक्शन लागणार. सकाळ-संध्याकाळ, रोज."

"कुठपर्यंत?"

"ती आहे तोवर. काही मांजरांची साखर पुढे आपोआप ताळ्यावर येते, पण तो नशिबाचा भाग. वेळा पाळल्यात तर ही छान जगेल. नाही पाळल्यात तर नाही."

इतकं सरळ कोणी सांगितलं की चावीवालीला बरं वाटायचं. कुलूप तरी काय, उघडतं नाहीतर नाही. डॉक्टरबाईंनी सगळं समजावून सांगितलं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, फोन करायचा. बाटली खळखळवायची नाही, दोन तळव्यांत हळूच लोळवायची. मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि तंबूत सुई घालायची. सिरिंजच्या दोन रेघा, बस. चावीवाली मान डोलावत होती.

"मला सवय आहे," ती म्हणाली. "माझ्या मावशीला मीच द्यायची. तिची एक न फोडलेली बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. ती चालेल का हिला?"

डॉक्टरबाईंचा लिहिता हात थांबला. "तिला शिवायचंसुद्धा नाही. ते माणसाचं औषध. मांजराच्या सिरिंजने भरलंत तर त्याच दोन रेघांत अडीच पट जाईल आणि लगेच कामाला लागेल. साखर फार उतरली की मांजर आधी झिंगतं, मग झटके येतात, मग शुद्ध जाते. साखर वाढून मरायला महिने लागतात, उतरून मरायला एक संध्याकाळ पुरते. घरी गेल्या गेल्या टाकून द्या ती बाटली."

"टाकते," चावीवाली म्हणाली.

टाकली नाही. बाटलीवर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर थोरलीच्या हातची वाकडीतिकडी अक्षरं, 'मावशी'. थोरली आपल्या प्रत्येक वस्तूवर असं लिहून ठेवायची, कपावर, चष्म्याच्या डबीवर, उशीच्या अभ्र्यावर. हिचं खरं नाव काय ते हिला तरी आठवतं का, असं पेंटर विचारायचा. ती अक्षरं केराच्या डब्यात टाकायला चावीवालीचा हात धजेना. तिने नवी बाटली फ्रिजच्या दारात जुनीच्या शेजारी ठेवली. नवीवर कंपाउंडरने लिहिलेलं होतं, 'मावशी'.

पहिल्या संध्याकाळी फजिती झाली. कुलपातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पिना बोटांनी उचलणारी ही बाई, पण सुई तंबूच्या एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, औषध सगळं केसांवर. मांजराला टॉवेलात धरून बसलेला पेंटर भिंतीकडे तोंड करून होता. उंच परांचीवर उभा राहून मोठाली अक्षरं काढायला तो भ्यायचा नाही, सुई दिसली की मात्र तोंड फिरवायचा.

"दुसरा हात मारावा लागणार का?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"हा काय तुझा रंग आहे? किती गेलं ते कळलं नाही तर पुन्हा द्यायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय. उद्या बघू."

उद्या जमलं, परवा आणखी बरं जमलं. मग एका संध्याकाळी ती सिरिंज भरून वळली, तर मांजर फरशीवर उताणं पडून पोट वर करून थांबलं होतं. मागचे पाय पसरलेले, डोळे तिच्यावर. चावीवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. थोरली पोटातच घ्यायची सुई. वेताच्या खुर्चीत मागे टेकून, पोटावरचा कपडा वर करून, डोळे तिच्यावर रोखून म्हणायची, "हं, टोच."

तिने डॉक्टरबाईंना फोन केला. त्या हसल्या. "लाडात आली असेल. मांजरं दाखवतात पोट. पण सुई तुम्ही मानेमागेच द्या." चावीवालीने मानेमागेच दिली. तिला भीती वाटली होती हे खरं, पण त्याहून जास्त बरं वाटलं होतं. त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्याच दिवशी तिने घरातल्या बोळाच्या टोकाची थोरलीची खोली उघडली. ती गेल्यापासून कडी लावलेलीच होती. आत खाट, कपाट आणि खिडकीशी वेताची खुर्ची. तिने केर काढला, खुर्चीवरची गादी झटकली आणि मांजराची वाटी खुर्चीसमोर नेऊन ठेवली. मग तिथे बसून ती मांजराशी बोलायला लागली. गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगायची, कुठलं कुलूप अडलं ते सांगायची, एखादी चावी नाकासमोर धरून विचारायची, "काय गं मावशी, हिचे दात जरा जास्त घासले गेले का?" मांजर चावी हुंगायचं आणि खुर्चीकडे बघायचं. घर दिवसभर तिच्या हाकांनी भरून गेलं. मावशी, मी आले गं. मावशी, जेवायला चल. मावशी, औषधाची वेळ झाली. आणि नवल म्हणजे साखर उतरत गेली. डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली, मणक्यांवर मांस धरलं, केसांना चकाकी आली.

दोन गोष्टी तिच्या लक्षात आल्या होत्या, पण तिने मनावर घेतल्या नाहीत. एक म्हणजे, हाक मारल्यावर मांजर सरळ येत नसे. आधी थोरलीच्या खोलीकडे कान टवकारून जरा थांबायचं, तिकडून कोणी निघालं नाही याची खात्री करून घेतल्यासारखं, आणि मगच पाऊल उचलायचं. दुसरी म्हणजे, त्या खोलीत ते खुर्चीजवळून कधी जात नसे. भिंतीकडेने लांबचा वळसा घ्यायचं आणि जाताना वर बघायचं, बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. चावीवालीने याचा अर्थ आपल्याला हवा तो लावला. थोरली धाकटीत आली आहे, आणि आपली जुनी खुर्ची ओळखते आहे. दुःखात माणसाची अक्कल गहाण पडते, तिची तर राजीखुशीने पडली होती.

पेंटरला मात्र हे रुचत नव्हतं. एका संध्याकाळी तो मांजराला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत पाटीचं रेखाटन करत होता. उठून थोरलीच्या खोलीत जुनं फडकं आणायला गेला आणि तसाच परत आला.

"खुर्चीची गादी गरम आहे," तो म्हणाला.

"मावशी बसली असेल."

"ती माझ्या मांडीवर होती. मघापासून."

"मग ऊन आलं असेल."

"त्या खिडकीत ऊन येतं कधी?"

चावीवाली हसली. "माझ्याच मावशीची मला भीती घालतोस होय रे?"

"तुला नाही घालत, मला वाटतेय," पेंटर म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुई सोडून कशाची भीती वाटते असं तो पहिल्यांदाच बोलला होता. "ऐक माझं. मांजराचं नाव बदल. दिवसभर हाका मारत असतेस. तू मारतेस एकीला, आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. मी तिला मांजर म्हणणार आजपासून. मावशी म्हणजे मावशी, ती गेली. मांजर म्हणजे मांजर, ते आहे. दोघींना एक नाव नको."

"म्हण की. ते येणारेय थोडंच तुझ्या हाकेला."

बोलता बोलता भांडण झालं. मावशी तुझी कोणी नव्हती म्हणून तुला सोपं जातं, असं ती म्हणाली आणि म्हटल्यावर तिलाच वाईट वाटलं, कारण शेवटच्या दिवसांत थोरलीला उचलून न्यायचा तो हाच. पेंटर पुन्हा पाटीच्या रेखाटनाकडे वळला. त्या माणसाचा एक स्वभाव होता, पाट्या रंगवून रंगवून झालेला. तोंडी बोलण्यावर त्याचा फारसा भरवसा नसे. एखादी गोष्ट नीट अक्षरांत लिहिली, की ती त्याच्यापुरती खरी व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांजराला सुई देऊन दुकानाकडे गेल्यावर त्याने काय केलं ते तिला कळलं नाही.

त्या दुपारी शहराबाहेरच्या गोदामाचा मुकादम तिला न्यायला आला. शटरच्या कुलपात कोणीतरी चावी मोडून ठेवली होती, माल आत, गाडी बाहेर, ड्रायव्हर शिव्या देतोय. मोडलेला तुकडा बाहेर काढणं म्हणजे दात उपटण्यापेक्षा वाईट काम. बारीक आकडा आत सोडायचा, तुकड्याला पकडायचं, श्वास धरून ओढायचं, तो निम्म्यावर येऊन पुन्हा आत सटकणार. दिवस कलला, तरी तुकडा आतच. मध्येच सोडून निघावं तर मुकादमाचं तोंड सुटलं असतं. तिने घरी फोन लावला.

"पेंटर, मला उशीर होणार. आजचं तू दे."

"मी?"

"डोळे मीट आणि टोच, काही होत नाही. आधी खायला घाल. मावशीचं औषध फ्रिजच्या दारात आहे. दोन रेघा."

"मावशीचं?"

"मावशीचं नाहीतर काय तुझं? ठेवते, मुकादम डोक्यावर उभा आहे."

तुकडा निघाला, शटर वर गेलं, गाडीवाल्याने तिला घराच्या कोपऱ्यावर सोडलं. अजून दिवे लागायचे होते, रस्त्यात मुलं खेळत होती. तिने दार उघडलं आणि सवयीने हाक मारली, "मावशी! आले गं!"

घरात इतकी शांतता होती की नळाचा थेंब ऐकू आला. पेंटर स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, परीक्षा पास झालेल्या पोरासारखं तोंड करून.

"दिलं," तो म्हणाला. "पहिल्या फटक्यात. डोळेसुद्धा मिटले नाहीत."

"खाल्लं तिने?"

"थोडंसं. माझ्या हातचं कुठे गोड लागतंय तिला? आता टेबलाखाली झोपलीय."

चावीवालीची नजर टेबलावर गेली. सिरिंज होती, तिचं टोपण होतं आणि शेजारी बाटली होती, चिकटपट्टीची, वाकड्या अक्षरांची. झाकण फोडलेलं.

"हे दिलंस?"

"तूच सांगितलंस. मावशीचं."

तिने फ्रिज उघडला. दुसरी बाटली जागेवर होती. तिच्यावरचं कंपाउंडरचं अक्षर खरवडून काढलेलं होतं आणि तिथे काळ्या रंगात, सुबक, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'मांजर'.

"सकाळी लिहिलं मी," पेंटर म्हणाला. त्याला अजून कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून त्याचा आवाज बारीक झाला. "म्हटलं, घरात एक तरी गोष्ट स्पष्ट असू दे. मग तू फोनवर मावशीचं म्हणालीस. मी विचारलंसुद्धा. मला वाटलं, मांजराचं लागू पडत नसेल म्हणून थोरलीचं द्यायचं ठरवलं असेल तू. हल्ली तुला दोघींत फरक तरी कुठे..."

तिने पुढचं ऐकलं नाही. ती टेबलाखाली वाकली होती. मांजर झोपलेलं नव्हतं. कुशीवर पडून चारही पाय हवेत मारत होतं, पळता येत नसताना पळावं तसं. तोंडातून लाळ गळत होती. डोळे टक्क उघडे होते आणि त्यांतल्या बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळ्यांचा रंगच उरला नव्हता.

डॉक्टरबाईंनी फोन लगेच उचलला आणि एकही प्रश्न वाया घालवला नाही. "मी निघालेच. तोवर साखर थोड्या पाण्यात घट्ट विरघळवा आणि बोटाने हिरड्यांना चोळत राहा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. उबदार कपड्यात गुंडाळा. आणि हाका मारत राहा. आवाज सुटू देऊ नका, ती तुमच्या आवाजाला धरून परत येईल."

पेंटरने वाटीत साखर कालवली. घाईत निम्मी फरशीवर सांडली. चावीवालीने मांजर मांडीवर घेतलं, शालीत गुंडाळलं, बोट बुडवून ओठाखाली घातलं. हिरड्या गार लागल्या.

"मावशी," ती म्हणाली. कान हलला नाही. "मावशी, ऊठ गं. ए मावशी!"

"ओ."

ओ बोळाच्या टोकाकडून आली. मोठी नव्हती. घशातून जराशी ओढलेली, शेवटाला किंचित वर जाणारी. आयुष्यभर ती तशीच आली होती, दुकानाच्या मागच्या भागातून, न्हाणीतून, गच्चीवरून, कुठूनही हाक मारली तरी. मग वेताची खुर्ची करकरली, कोणीतरी हातांवर भार देऊन उठल्यासारखी.

चावीवालीने पेंटरकडे पाहिलं. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली होती. ऐकलंस का, असं विचारायची गरज नव्हती.

"सकाळी त्या खोलीची कडी लावली मी," तो कसाबसा म्हणाला. "बाहेरून."

मांजराला झटका आला. सगळं अंग ताठ झालं आणि मग एकदम सैल पडलं, ओल्या फडक्यासारखं. पाय मारायचे थांबले. चावीवालीने साखर चोळली, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा तीच हाक मारली. "मावशी, जाऊ नकोस ना गं. मावशी!"

"ओ. आले."

आता बोळातून. कडी निघाल्याचा आवाज झाला नव्हता. जगातला कुठलाही आवाज तिच्या कानातून सुटला असता, पण कडीचा सुटला नसता. तो झालाच नव्हता. बोळातून पावलं येत होती, एक नीट पडणारं आणि एक घासत येणारं. साखरेने थोरलीचा डावा पाय बधिर केला होता.

मांजराच्या छातीवर ठेवलेल्या हाताला श्वास लागेनासा झाला होता. चावीवालीला तेव्हा कळलं, आणि एकदम सगळंच कळलं. धाकटीत कोणी आलेलं नव्हतं. धाकटी मांजर होती, पहिल्यापासून मांजरच होती, आणि हाक मारली की ती आधी बघून घ्यायची की जिला खरी मारली आहे ती उठते का. इतके महिने चावीवाली थोरलीलाच हाका मारत होती, दिवसातून कितीतरी वेळा, जीव तोडून. आता हाक जिकडे जायची तिकडूनच कोणीतरी येत होतं. आणि जिने परत यायला हवं होतं ती हाकेगणिक लांब चालली होती.

खरं सांगायचं तर तिला आणखी एक हाक मारायची होती. एकच. पावलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली होती, पेंटरच्या पाठीमागे, जिथे बोळातला अंधार सुरू होत होता. एक हाक मारली असती तर थोरली आत आली असती. तिचं तोंड दिसलं असतं. तिच्या कपड्यांना येणारा मशीनच्या तेलाचा वास तर आलाच होता. चावीवालीचे ओठ उघडले, म चा उच्चार करायला मिटले.

"नको," पेंटर म्हणाला. मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती, पण तो जागचा हललाही नाही. "मांजराला हाक मार. मांजराला."

दुसरं नाव तिने कधी ठेवलंच नव्हतं. कुठल्याही घरात, कुठल्याही मांजराला मारतात ती हाक तिला आठवली. "मने," ती म्हणाली. तिच्या तोंडात ते नाव परकं वाटलं. "मने, मनुटले, ऊठ. मने, साखर खा. पुस पुस, मने." बोट हिरडीवर, वाटीत, पुन्हा हिरडीवर. या नावाला घरातलं दुसरं कोणीही ओ देणार नव्हतं. "मने, मी आहे बघ. मने."

कानाचं टोक हललं.

ती बोलत राहिली. जिभेचा खरखरीत शेंडा बोटाला लागला, आधी चुकून लागल्यासारखा, मग नीट. मग मांजराने ते बोट कडकन चावलं. रक्त आलं आणि चावीवालीला रडू फुटलं. तिने बोट काढलं नाही.

उंबऱ्यातून आवाज आला. रागावलेला नव्हता. रोजचाच, उठून यावं लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचा, जरासा दमलेला.

"मला बोलावलंस ना गं तू?"

चावीवालीने मान वर केली नाही. थोरलीचा शब्द तिने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता, आजारपणात, भांडणात, झोपेतसुद्धा. डोळ्यांतलं पाणी शालीवर टपटपत होतं. तिने दुसरं बोट साखरेत बुडवलं.

"हाका मारमारून उठवलंस, आणि आता बोलत नाहीस होय?"

"मने," चावीवाली म्हणाली. आवाज फुटत होता, तरी तिने तो मोठा ठेवला, उंबऱ्यापर्यंत जाईल इतका. "इकडे बघ. माझ्याकडे बघ. घरात दुसरं कोणी नाहीये."